मदत हवी आहे: पेज ते मोआब, तंबू आणि ट्रायपॉड

ऑक्टोबरात अमावास्येच्या सुमारास, रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला अमेरिकेत पेज (अ‍ॅरिझोनातलं गाव), मॉन्युमेंट व्हॅली, व्हॅली ऑफ द गॉड्स, मोआब (युटातलं गाव) असा बेत आहे. गाडी भाड्याची सेडान.

व्हॅली ऑफ द गॉड्सचा १७ मैलांचा कच्चा रस्ता कोरडा असेल तर सेडानला जमतो, पण भिजला की चिकणमातीवर गाडी सरळ घसरते. पाऊस थांबल्यावर किती तास थांबावं? १६३ नंबरच्या हायवेकडून शिरताना ओढ्याचं पात्र लागतं, तिथे बंपर टेकतो का?

तिथे मातीचा थर पातळ, खाली खडक. खुंट्या शिरत नाहीत. दोऱ्यांना ८-१० किलोचे दगड बांधले तर वाऱ्यात तंबू टिकेल का?

आकाशगंगेचा गाभा तेव्हा संधिप्रकाश संपताच नैर्ऋत्येला दिसतो आणि लवकर मावळतो. आकाशासाठी १४ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ २.८, २० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ठरलंय. तिथल्या खडकांच्या सुळक्यांसाठी आयएसओ ८०० वर ४ मिनिटांचं वेगळं एक्सपोजर घेतलं, तर दोन्ही फोटो जोडताना सुळक्यांच्या कडेला उजळ पट्टा येतो. तो कसा टाळता?

आणि वेळेचा घोळ: उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे) नावाहो आदिवासींच्या भूमीत पाळतात, पेजला नाही. पेजजवळच्या पण नावाहो भूमीतल्या अँटेलोप कॅन्यनचं बुकिंग नेमकं कोणत्या घड्याळाने धरायचं?