शब्दचर्चा: बाळंतपणाचा धसका, आघातोत्तर ताण आणि 'विकृती'

प्रश्न

गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांसाठी मराठीत एक माहितीपत्रक लिहिते आहे. विषय पीटीएसडी, म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. 'आघातोत्तर ताण विकृती', 'आघातपश्चात तणाव विकार' असे प्रतिशब्द सापडले. पण वाचणारी बाई बाळाला पाजता पाजता हे वाचणार. हे आपल्याबद्दल आहे असं तिला वाटेल का? आणि सरळ 'बाळंतपणानंतरचं नैराश्य' लिहिलं तर काय बिघडतं?

उत्तर

आधी नैराश्याचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. नैराश्यात मन उतरतं, कशात जीव रमत नाही. आघातोत्तर ताणाच्या मुळाशी भीती असते आणि ती घडून गेलेल्या एखाद्या प्रसंगाला चिकटलेली असते. ऐनवेळी करावं लागलेलं सिझेरियन, न थांबणारा रक्तस्राव, जन्मल्यावर न रडलेलं बाळ, किंवा वेदनेने कळवळत असताना कुणी विचारलंच नाही, न सांगताच अंगाला हात लावला, हेही. ही बाई दवाखान्यावरून जाणारा रस्ता टाळते. स्पिरिटचा वास आला की तिचे हात गार पडतात. बाळ शांत झोपलेलं असतानाही श्वास चालू आहे ना, हे बघायला ती रात्रभर उठत राहते. तिला कुणी 'उदास वाटतं का?' असं विचारलं तर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल आणि प्रश्न तिथेच मिटेल. १९८७ सालची दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली जगभर वापरतात, पण ती बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरण्यासाठी बनवलेली आहे. प्रसूतीच्या आठवणींबद्दल त्यात एकही नाही. त्यासाठी वेगळी मोजपट्टी, सिटी बर्थ ट्रॉमा स्केल, २०१८ साली आली. दोन्ही त्रास एकाच बाईला असू शकतात, पण एकाचं नाव दुसऱ्याला देऊ नका.

'विकृती' मात्र कृपा करून नको. मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो शब्द रुळला आहे हे खरं, पण बोलीत 'विकृत' ही शिवी आहे. आधीच 'मी चांगली आई नाही' या विचाराने पोखरलेल्या बाईच्या हातात तो शब्द देणं मला क्रूर वाटतं. 'विकार' चालेल, हृदयविकार आपण सहज म्हणतोच.

'आघातोत्तर'मधला 'उत्तर' म्हणजे नंतरचा, युद्धोत्तर किंवा स्वातंत्र्योत्तर यांतला. नंतरचा म्हणजे आघातानंतरचा, बाळंतपणानंतरचा नव्हे, हे पत्रकात स्पष्ट लिहा. गरोदरपणातही हा त्रास असतो. आधीचं बाळंतपण भयंकर गेलेलं असतं, पोटातलं बाळ गमावलेलं असतं, किंवा कधीकाळी अत्याचार सोसलेला असतो, आणि तपासणीच्या टेबलावर आडवं झाल्याबरोबर ते सगळं उसळून वर येतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सर्वसाधारण बायकांमध्ये गरोदरपणी ३ टक्क्यांहून थोडं जास्त आणि प्रसूतीनंतर सुमारे ४ टक्के प्रमाण आढळलं. गुंतागुंत किंवा आधीचा आघात असलेल्या गटांत दोन्ही वेळी ते १८ टक्क्यांच्या वर होतं.

हे नाव बायकांपर्यंत पोहोचायला इतका उशीर का झाला, याचं कारणही शब्दांतच आहे. हे निदान १९८० साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या नियमावलीत आलं, तेव्हा प्रसंग 'माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडचा' असावा अशी कल्पना होती. युद्ध त्यात बसलं, बाळंतपण बसेना, कारण ते तर रोजचंच. १९९४ साली ती अट गेली. घराघरांतून ती अजून गेलेली नाही; 'बाळंतपण काय, सगळ्यांचंच होतं' हे वाक्य म्हणजे तीच अट.

आता 'फ्लॅशबॅक'. कुणी तुम्हाला 'पुनःप्रत्यय' सुचवेल. अर्थ जुळतो, पण साहित्यचर्चेमुळे त्या शब्दापाठोपाठ 'आनंद' येतो, म्हणून तो इथे अजिबात शोभत नाही. 'तो प्रसंग पुन्हा अंगावर येतो' असं लिहा. आठवण येणं आणि अंगावर येणं यांतला फरक प्रत्येकीला कळतो.

आणि माझ्या मते तुम्हाला हवा असलेला शब्द आपल्याकडे आहेच: धसका. 'तिने बाळंतपणाचा धसका घेतलाय.' भीती क्षणभराची असू शकते, धास्ती पुढे होणाऱ्या गोष्टीची असते. धसका मात्र घडलेल्या गोष्टीचा घेतला जातो आणि तो आत बसून राहतो.

प्रतिसाद

धसका छान आहे, पण हलका नाही का वाटत? 'परीक्षेचा धसका' म्हणतोच आपण. शिवाय घरचे म्हणतील, धसका काय, जाईल चार दिवसांत.

उत्तर

आक्षेप बरोबर आहे, म्हणून निदानाच्या जागी तो नको. शीर्षकात 'आघातोत्तर ताणविकार' ठेवा आणि लगेच खालच्या ओळीत 'बाळंतपणाचा धसका घेतलाय आणि तो जात नाहीये का?' असं विचारा. पहिला शब्द डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल, दुसरा स्वतःला ओळखायला. 'चार दिवस' या मुद्द्यावर मुदत स्पष्ट लिहा. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडूरडू होणं बहुतेकींचं आपोआप ओसरतं. धसक्याची लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर मदत घ्यावी. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारा संवादातून होणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत त्या आठवणीची धार कमी करणारा उपचार) यांचा गुण येतो. प्रसूतीनंतर लगेच एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याची पद्धत मात्र उपयोगी ठरलेली नाही, म्हणून 'मन मोकळं कर म्हणजे बरं वाटेल' हे वाक्य पत्रकात नको. बोलायचं की नाही आणि कधी, हे तिने ठरवायचं.

'बाळ-बाळंतीण सुखरूप' हेही जपून वापरा. टाके भरले, वजन वाढलं, म्हणून सुखरूप म्हटलं की तिला पुढे बोलायला जागाच उरत नाही.

मूळ प्रश्न विचारणारी

ताणविकार आणि धसका, दोन्ही घेते. एक शंका: प्रसूतीच्या वेळी नवरा आत होता, रक्त पाहून तोही हादरला. त्याच्यासाठी कोणता शब्द?

उत्तर

तोच. डोळ्यांदेखत जवळच्या माणसाचा जीव धोक्यात आलेला पाहणं हाही आघातच धरतात. फक्त पत्रकात सगळीकडे 'बाळंतीण' असेल तर तो स्वतःला त्यात शोधणार नाही. एका ठिकाणी 'प्रसूतीच्या वेळी सोबत असलेल्या माणसालाही' एवढं घाला.