संस्थेचं ‘वातावरण’ की ‘हवा’?

साकीनाकेकर:
मरोळच्या एका कारखान्यासाठी प्रश्नावली मराठीत करतेय. साहेबलोकांची वागणूक आणि ‘ऑर्गनायझेशनल क्लायमेट’ यांचा उत्पादनावर, नव्या कल्पनांवर काय परिणाम होतो, हा विषय. मी लिहिलं, ‘आपल्या विभागातील वातावरण कसे आहे?’ चाचणीला काही जणांकडून भरून घेतली. एकाचं उत्तर: ‘लई उकडतं. एक्झॉस्ट बंद आहे.’ दुसरा शब्द सुचवा. ‘हवामान’ नको, कुलाबा वेधशाळा आठवते.

शब्दवेडा:
‘कार्यसंस्कृती’ चांगला रुळलाय की.

पाळीवाला:
रुळलाय, पण चुकीच्या जागी. संस्कृती मुरलेली असते. क्लायमेट म्हणजे लोकांना सध्या काय वाटतंय ते. साहेब बदलला की पालटतं. कर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शाळकरी पोरांच्या मंडळांवर प्रयोग केले, १९३९ साली ते छापून आले. पोरं तीच, फक्त म्होरक्याची तऱ्हा बदलायची. हुकूमशहा खोलीत असेपर्यंत काम जोरात, तो बाहेर गेला की ठप्प. विचारून करणाऱ्याच्या गटात तो नसतानाही बरंचसं चालू. त्यांनी ‘सोशल क्लायमेट’ हाच शब्द वापरला होता.

शब्दवेडा:
‘म्होरक्या’ म्हणजे टोळीचा हो!

पाळीवाला:
मग ‘नेता’ घ्या, नाक्यावरच्या फ्लेक्सवरचा. त्यापेक्षा ‘मुकादम’ बरा. डबेवाल्यांत आजही आहे, आणि तो नुसता हुकूम सोडत बसत नाही, वेळ पडली तर स्वतः डबे उचलतो.

शुद्धलेखक:
मुकादम अरबी आहे.

पाळीवाला:
हवाही अरबीच. श्वास घेणं सोडताय का?

परळचा जुना:
‘हवा’च घ्या ताई. आमचे वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. तिथे मुद्दाम पाणी फवारून हवा दमट ठेवायचे, कोरडी पडली की ताणा, म्हणजे उभा धागा तुटायचा. मुंबईत कापडधंदा जमला त्याला इथली दमट हवाही एक कारण होती. आणि दुसरी हवा जॉबरची. नोकरीला लावणारा तोच, कामावर उभा राहणाराही तोच. त्याच्याशी वाकडं घेतलं की बदलीवाल्याला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी लागणाऱ्याला, काम मिळायची मारामार. अशा माणसाला कोण सांगेल की साचा अमुक प्रकारे लावला तर कापड बरं निघेल?

ग्रीकप्रेमी:
क्लायमेटच्या मुळाशी ग्रीक ‘क्लिमा’ आहे, अर्थ उतार. आपला ‘कल’ तोच असणार! जमिनीचा कल, मनाचा कल. ‘विभागाचा कल कसा आहे?’

शुद्धलेखक:
नुसतं ध्वनिसाम्य. अशाने ‘मामा’ही लॅटिन ठरेल.

नर्सताई:
तुम्ही सगळे शब्दाच्या मागे लागलात, पण उकडतं म्हणणाऱ्याने नेमकं उत्तर दिलंय. एक्झॉस्ट बंद आहे हे त्याला आधी कुठे सांगता आलं असतं, तर तो प्रश्नावलीत कशाला लिहील? एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक, त्यांनी इस्पितळांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला होता. जिथे प्रमुख चांगली, टीम चांगली, तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. तिथल्या नर्सेस चुका लपवत नव्हत्या, हा त्याचा उलगडा. आमच्याकडे एक मेट्रन अशी होती की तिच्या पाळीत रजिस्टर कायम कोरं. वरचे खूश, आम्ही जीव मुठीत धरून. ताई, सरळ विचारा: ‘चूक झाली तर साहेबांना सांगता येतं का?’

साकीनाकेकर:
हे पटलं, पण मथळ्याला शब्द लागेलच ना. आणि ‘इनोव्हेशन’ अजून बाकी आहे. सध्या ‘नाविन्यता’ ठेवलंय.

शुद्धलेखक:
अरे देवा! नवीनचं नावीन्य झालं, तेच भाववाचक. त्यावर पुन्हा ‘ता’ कशाला? ‘सौजन्यता’सारखं झालं. आणि ‘वी’ची वेलांटी दीर्घ.

पाळीवाला:
मंत्रालयातल्या विभागाच्या नावात आहे: ‘कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता’. पाटीवर चढला की शब्द झाला.

शुद्धलेखक:
पाटीवर चढून व्याकरण बदलत नाही. ‘नवोन्मेष’ म्हणा.

परळचा जुना:
कारखान्यात नवोन्मेष? कामगाराला वाटेल सत्कार समारंभ आहे. ‘नवी युक्ती’ म्हणा की सरळ.

शब्दवेडा:
‘आवश्यकता’ चालतं, मग ‘नाविन्यता’ का नको?

शुद्धलेखक:
‘आवश्यक’ विशेषण आहे म्हणून!

शब्दवेडा:
आणि ‘मानवता’? मानव काय विशेषण आहे?

शुद्धलेखक:
नाम आहे, पण भाववाचक नाही. यावर वेगळा धागा काढा, तिथे बोलू.