आंतरराष्ट्रीय शाळेत मुलांच्या घरच्या भाषांना वर्षभर स्थान कसे द्यावे?

प्रश्न : शिक्षिका, नेदरलँड्स

नमस्कार. मी अ‍ॅमस्टेलव्हीन येथील एका आंतरराष्ट्रीय शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात जपानी, कोरियन, अरबी, मराठी, तेलुगू अशा अनेक भाषा बोलणारी मुले असून शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. दरवर्षी २१ फेब्रुवारीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिनी, पारंपरिक पोशाख, घरून आणलेले पदार्थ आणि निरनिराळ्या भाषांतील फलक असा कार्यक्रम होतो. मुले त्यात मनापासून रमतात. मात्र फलक उतरले की त्या भाषांचा वर्षभर उल्लेखही होत नाही. यंदा सर्व भारतीय मुलांसाठी मिळून एकच हिंदी फलक केला होता. माझ्या वर्गातील तेलुगू भाषक मुलीने ‘ही माझी भाषा नाही’ असे सांगून त्याच्याजवळ उभे राहण्यास नकार दिला आणि तिचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. यांतील बहुतेक भाषा मला येत नाहीत. अशा स्थितीत रोजच्या अभ्यासात त्यांना स्थान कसे द्यावे?

प्रतिसाद १ : शिक्षक, सिंगापूर

१९५२ साली ढाक्यात बंगाली भाषेच्या हक्कासाठी निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, त्या घटनेच्या स्मरणार्थ युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस घोषित केला. मागणी भाषेला व्यवहारात मान मिळावा अशी होती. म्हणूनच केवळ पोशाखांवर थांबणे मला अपुरे वाटते.

शिक्षकाला प्रत्येक भाषा यावी लागत नाही, मुलांना ती वापरण्याची मुभा मात्र द्यावी लागते. बाष्पीभवनाच्या पाठात मी एका भाषेच्या मुलांना जोडीने बसवतो. दोन बशांत सारखेच पाणी घेऊन एक उन्हात आणि एक सावलीत ठेवायची, काय होईल याचा अंदाज आपापल्या भाषेत चर्चा करून वहीत लिहायचा आणि निरीक्षणानंतर निष्कर्ष इंग्रजीत मांडायचा. इंग्रजीत दोन शब्दांवर अडणारा कोरियन मुलगा कोरियनमध्ये अर्धे पान लिहितो आणि त्या अर्ध्या पानाच्या आधारावर त्याचा इंग्रजी निष्कर्षही भरीव होतो. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे की बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, परंतु अभ्यासाची भाषा आत्मसात होण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात. तेवढा काळ मुलाने विचार तरी कशात करायचा? त्यामुळे ‘घरीही इंग्रजीच बोला’ हा पालकांना सर्रास दिला जाणारा सल्ला मला अत्यंत घातक वाटतो.

प्रतिसाद २ : पालक, पुणे

हा प्रश्न केवळ परदेशातला नाही. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले, तरी आमच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय शाळेत २७ फेब्रुवारीला लेझीम आणि नऊवारी दिसे, आणि ग्रंथालयात मराठी पुस्तकांचे साधे एक कपाटही नव्हते. आम्ही काही पालकांनी पुस्तके जमवून दिली आणि दर शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर कुणाच्या तरी आजी-आजोबांनी गोष्ट वाचून दाखवावी, असे ठरवून घेतले. मराठी न येणारी मुलेही चित्रे पाहत ऐकत बसतात आणि मध्येच प्रश्न विचारतात. एक विनंती मात्र आवर्जून करते : कोणत्याही मुलाला वर्गासमोर उभे करून ‘तुमच्याकडे हा सण कसा साजरा करतात?’ असे अचानक विचारू नये. काही मुलांना ते आवडते, काहींना अवघडल्यासारखे होते आणि काहींच्या घरी तो सण नसतोच.

प्रतिसाद ३ : आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम समन्वयक

फलकाची चूक बहुधा प्रवेशअर्जातच सुरू झाली असावी. अर्जात ‘मातृभाषा’ अशी एकच चौकट असते आणि पालक अनेकदा शाळेला सोयीची वाटेल ती भाषा लिहून मोकळे होतात. त्याऐवजी आईशी, वडिलांशी, आजी-आजोबांशी मूल कोणत्या भाषेत बोलते आणि कोणती लिपी वाचू शकते, हे वेगवेगळे विचारावे. ही माहिती पुढेही उपयोगी पडते : आयबी डिप्लोमामध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात, शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी विद्यार्थी शाळेच्या साहाय्याने स्वयंअध्ययन करून आपल्या भाषेतील साहित्य हा विषय घेऊ शकतो. परंतु सोळाव्या वर्षी साहित्य वाचायचे, तर आठव्या-नवव्या वर्षी लिपी सुटता कामा नये.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रवेशअर्जातील बदल मी पुढील बैठकीत मांडते. जोडीने चर्चा करण्याची पद्धत सोमवारपासूनच सुरू करता येईल. परंतु ज्या मुलाची भाषा वर्गात दुसरे कुणीही बोलत नाही, त्याच्यासाठी आपण काय करता, हेही कृपया कळवावे.