‘सेटल्ड’ला मराठीत काय म्हणायचं: मिटवलं, फेडलं की बेबाक?

नौपाड्याहून
बाबांसाठी बँकेला मराठीत अर्ज लिहायला बसलेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. त्यांनी २०१९मध्ये पर्सनल लोन काढलं होतं. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, हप्ते थकले. शेवटी २,३८,००० रुपये बाकी असताना बँकेनेच फोन करून १,४५,०००वर ‘सेटलमेंट’ करून दिली. पैसे भरले, पत्र आलं, त्यावर ठसठशीत ‘फुल अँड फायनल’. आता भाऊ घोडबंदर रोडला फ्लॅट घेतोय आणि बाबा सहकर्जदार आहेत. होमलोनवाल्यांनी सिबिल, म्हणजे बाबांच्या आजवरच्या कर्जांचा अहवाल, काढून समोर ठेवलं: खात्याची स्थिती ‘सेटल्ड’, आणि थकीत रकमेच्या रकान्यात अजून ९३,०००!

बाबांचं एकच पालुपद, “अगं, मी सगळं मिटवलंय, मग हे कुठून आलं?” मी लिहिलंय, ‘सदर कर्ज आम्ही पूर्णपणे फेडले असून...’ हे चालेल का? की ‘मिटवले’ बरं?

ऐरोलीहून
ताई, ‘फेडले’ अजिबात नको. फेडणं पुरं असतं. नवस फेडतो, पांग फेडतो, डोळ्यांचं पारणं फेडतो. साठ टक्के नवस फेडून देवाकडून ‘फुल अँड फायनल’चं पत्र कुणी घेत नाही. तुमच्या बाबांनी बँकेच्या संमतीने कमी रक्कम भरून तडजोड केली. त्यात कमीपणा काही नाही, पण शब्द तडजोडीचाच हवा.

आणि ‘मिटवले’ हा घरात बोलायला छान शब्द. भांडण मिटलं म्हटलं की कोण किती वाकलं हे त्यात उरत नाही. बँकेला मात्र नेमकं तेवढंच हवं असतं.

महाप्याहून
बाबांची बाजू घेतो. मी एचआरमध्ये आहे. आमच्याकडे राजीनामा दिला की दुसऱ्या दिवसापासून एकच घोष, “माझी एफ अँड एफ, म्हणजे फुल अँड फायनल, कधी?” शेवटचा पगार, उरलेल्या रजांचे पैसे, असेल तर ग्रॅच्युइटी, सगळं हातात पडलं की माणूस म्हणतो सेटलमेंट झाली. म्हणजे नोकरीत सेटलमेंट झाली तर सगळं मिळालं आणि कर्जात झाली तर काहीतरी सोडावं लागलं. शब्द तोच. पत्रावर ‘फुल’ वाचून कुणाला वाटेल की काही बाकी राहिलंय?

कळव्याहून
पतपेढीत वसुलीला २६ वर्षं काढली, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे ज्या शब्दाभोवती फिरताय तो आमच्याकडे रोज शिक्क्यासह बाहेर पडायचा: बेबाक. बे अधिक बाकी, म्हणजे बाकी नाही. ‘खाते बेबाक झाले’, ‘बेबाकी दाखला द्यावा’. हिंदीत निर्भीड बोलणाऱ्याला बेबाक म्हणतात, तो शब्द वेगळा. त्यातला ‘बाक’ म्हणजे भीती. (कर्ज फिटलेला माणूसही जरा निर्भीड चालतो म्हणा.)

त्याआधीच्या काळात फारखती होती. फारिग अधिक खत, मोकळं केल्याचा कागद. सावकाराकडून ती लिहून घ्यायचे. पुढे नवरा-बायकोतही ‘फारकत’ झाली आणि पैशाचा अर्थ मागे पडला.

एक कबुलीही देतो. गोंधळात आमचाही हात आहे. थकबाकीदारांना सूट देण्याच्या योजनेचं नाव आमच्या फलकावर काय असायचं? ‘एकरकमी कर्ज परतफेड योजना’. परतफेड! व्याजात सवलत, आणि नावात ‘फेड’. माणूस घरी जाऊन फेडलंच म्हणणार.

वाशीहून
‘चुकवले’ कसं वाटतं? हल्ली जाहिरातींत ‘कर्ज चुकवा’ असंच असतं.

कळव्याहून
नको! कर चुकवणारा पकडला जातो, नजर चुकवणारा चोर असतो. ‘हिशेब चुकता केला’ ठीक आहे, पण ‘कर्ज चुकवले’ असं लिहिलंत तर आमच्या वेळचा वसुली अधिकारी जीप काढायचा.

नौपाड्याहून
हसले, पण प्रश्न तसाच. मग बाबांचं खातं बेबाक झालं की नाही? आणि ते ९३,००० चूक आहे की बरोबर?

ऐरोलीहून
इथे दोन गोष्टी वेगळ्या करा, सगळी गंमत तिथेच आहे.

‘सेटल्ड’ ही चूक नाही. जे घडलं त्याची ती नोंद आहे, आणि खरी नोंद ‘दुरुस्त’ होत नाही. स्टेशनबाहेर ‘सिबिल रिपेअर करून मिळेल’ अशी पत्रकं वाटणाऱ्यांना पैसे देऊ नका. खरी नोंद पुसायची जादू त्यांच्याकडे नाही. ‘सेटल्ड’च्या जागी ‘क्लोज्ड’ हवं असेल तर बँकेला विचारा, सोडलेली रक्कम भरून घेऊन तशी नोंद पाठवाल का. तयार झाली तर लेखी घ्या, मग पैसे भरा. तोवर बेबाक नाही.

९३,००० मात्र चूक. तडजोडीने जी रक्कम बँकेने सोडली ती ‘थकीत’ कशी राहील? पत्रात पुढे काही देणं नाही असं लिहिलंय ना? मग तिथे शून्य हवं.

ही चूक दाखवण्याला सिबिलवाले ‘डिस्प्युट’ म्हणतात आणि लोक त्याचं ‘वाद’ करतात. मला तो शब्द खटकतो. वाद कोर्टात. सातबाराच्या फेरफारावर, मतदारयादीवर आपण घेतो ती हरकत. तुम्ही हरकत नोंदवताय, भांडत नाही आहात.

वाशीहून
हरकत नोंदवली आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही तर?

ऐरोलीहून
तक्रार दाखल झाल्यापासून ३० दिवसांत निकाली निघायला हवी. त्यातले २१ दिवस बँकेला, सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडे सुधारित माहिती पाठवायला. ३० दिवसांपुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४पासून लागू आहे. तेही नाही जमलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. म्हणून पोचपावती आणि तारीख जपा.

आणि सिबिल म्हणजे सगळं नव्हे. आपण ‘झेरॉक्स’ म्हणतो तसं ‘सिबिल’ झालंय. एक्सपेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क धरून अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही बघा, एकीकडे शून्य आणि दुसरीकडे ९३,००० असंही असू शकतं.

वाशीहून
मधेच एक शंका. काही अहवालांत ‘रिटन-ऑफ’ असतं. तो माफीचाच प्रकार ना?

कळव्याहून
नाही. त्याला निर्लेखित म्हणायचं. बँक आपल्या हिशेबातून ती रक्कम काढते, कर्जदाराच्या डोक्यावरून नाही. वसुली चालूच राहते. जुनी माणसं ‘बुडीत खाती टाकलं’ म्हणायची, आणि बुडीतातलंही गळ टाकून काढायची. माफी वेगळी. पेपरवाले दोन्ही एकाच मथळ्यात घालतात, मग चहाच्या टपरीवर कल्लोळ.

ताई, ‘ना-हरकत दाखला’ आणि ‘बेबाकी दाखला’ यांतही घोळ घालू नका. पहिला म्हणतो आमची आडकाठी नाही, दुसरा म्हणतो बाकी नाही.

नौपाड्याहून
सगळ्यांचे आभार. असा अर्ज दिला:

‘सदर कर्जखात्यात तडजोडीने ठरलेली रु. १,४५,००० ही रक्कम आम्ही भरली असून आपल्या पत्रानुसार पुढे कोणतेही देणे उरलेले नाही. तरीही पतअहवालात रु. ९३,००० थकीत दिसत आहेत. या नोंदीस आमची हरकत आहे. ती रक्कम शून्य करून सुधारित माहिती चारही पतमाहिती कंपन्यांना पाठवावी. तसेच उर्वरित रक्कम भरल्यास खाते बेबाक झाल्याची नोंद कराल काय, हे लेखी कळवावे.’

काउंटरवरच्या मुलाने दोनदा वाचला, शिक्का मारला, आणि हळूच विचारलं, “मॅडम, हे बेबाक म्हणजे काय?” बाबा शेजारीच उभे होते. म्हणाले, “ते अजून झालेलं नाही.”