पूबोल: गालाचा किल्ला बार्सिलोनाहून एका दिवसात होतो का?

प्रश्न (रानवारा): सप्टेंबरात बार्सिलोनात चार दिवस आहोत. चित्रकार साल्वादोर दालीने पत्नी गालासाठी घेतलेला पूबोलचा किल्ला बघायचाय. गाडी भाड्याने घेणार नाही. फिगेरेस गावातलं दालीचं संग्रहालयही त्याच दिवशी उरकेल का? सोबत सासूबाई आहेत, फार चालवत नाही.

चिंचेचं_पान: उरकेल, पण सकाळी लवकर निघा. पूबोलला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन फ्लासा, तिथून किल्ला ४ किमी. लोक फसतात ते इथेच: घाईत हायस्पीडचं तिकीट काढतात. ती गाडी जिरोना आणि फिगेरेसला थांबते, फ्लासाला नाही. शिवाय फिगेरेसचं हायस्पीड स्टेशन वेगळं, गावाबाहेर. साधी प्रादेशिक गाडी घ्या, ती एकाच मार्गावर फ्लासा आणि मग फिगेरेस करते. फ्लासाला टॅक्सी उभी असेलच असं धरू नका. आदल्या दिवशी फोनवर ठरवा आणि परतीची वेळही तेव्हाच सांगून ठेवा. जिरोनाहून बस आहे, पण ती ला पेराच्या थांब्यावर सोडते. पुढे २ किमी पायी, म्हणजे सासूबाईंसाठी बाद.

कुंचला७: सोमवार टाळा. ऐन उन्हाळा सोडला तर सोमवारी किल्ला बंद असतो. जानेवारीच्या सुरुवातीपासून साधारण मार्चच्या मध्यापर्यंत तर उघडतच नाही. फिगेरेसच्या तिकिटावर इथे प्रवेश नाही, वेगळं काढावं लागतं. किल्ला छोटा आहे, दीड तास पुष्कळ. मात्र जिने आहेत. पोर्टलिगातचं दाली-गालाचं घर त्याच दिवशी कोंबू नका. तिथे ठरलेल्या वेळेला छोट्या गटानेच सोडतात आणि आरक्षण आधी लागतं.

आत काय बघाल? गालाला रेडिएटर (खोली गरम ठेवणारी यंत्रं) डोळ्यांसमोर नको होते, म्हणून दालीने ते दारांआड लपवले आणि त्या दारांवर रेडिएटरचीच चित्रं काढली! घाईत असाल तर खरे समजून पुढे जाल. वर काचेचं टेबल आहे, त्यातून खालच्या मजल्यावरचा पेंढा भरलेला पांढरा घोडा दिसतो. माळ्यावर गालाचे कपडे. बागेत लांबट पायांचे हत्ती.

रानवारा: आभार! दालीला तिथे जायला गालाची लेखी परवानगी लागायची, हे खरं की दंतकथा?

चिंचेचं_पान: खरं आहे. किल्ला घेतला १९६९ मध्ये, आणि तिचं लेखी आमंत्रण असेल तरच यायचं ही अट त्याने आनंदाने मान्य केली होती. त्यामुळे 'दालीचं घर' म्हणून जाल तर घोर निराशा होईल. मालकीण ती.

कुंचला७: अर्धंच बरोबर. १० जून १९८२ ला गाला पोर्टलिगातला वारली. तिला कॅडिलॅकमधून पूबोलला आणलं. ती गाडी गॅरेजमध्ये आहे, चुकवू नका. त्यानंतर दाली इथेच राहिला आणि शेवटची चित्रं इथेच काढली. ऑगस्ट १९८४ मध्ये शयनगृहात आग लागली, तो भाजला, तेव्हा सुटलं हे घर. तळघरात दोन थडगी आहेत. एकात गाला आहे, दुसरं रिकामं. दाली १९८९ मध्ये गेला, तो फिगेरेसच्या संग्रहालयात पुरलेला आहे. म्हणून आधी पूबोल, मग फिगेरेस असाच क्रम ठेवा. फ्लासाहून पुढची गाडीही त्याच दिशेने मिळते.