आई अजून लॉकडाऊनमध्येच आहे, काय करू?

नेरूळकर:
आई ७४ वर्षांची. नेरूळला सिडकोच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मी पुण्यात. बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले, दुसऱ्या लाटेत. भेटायला कुणी येणं शक्यच नव्हतं. शेजारच्या काकूंनी पिठलंभाताचा डबा दाराच्या कडीला अडकवला, बेल वाजवली आणि जिन्यातूनच हात जोडले. आई ते अजून सांगते. आधी रोज संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघात भजनाला जायची, तेव्हापासून खाली उतरणंच बंद. गुडघे दुखतात म्हणते. डॉक्टर म्हणतात, गुडघ्यांना फारसं काही नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते आणि मला मात्र "मी बरी आहे गं". कुणाच्या घरी असं झालंय का?

नौपाडा तिसरा मजला:
वाचून पोटात कालवलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर आमच्या पोरांनी ज्येष्ठांची यादी केली. दूध, भाजी, गोळ्या, सगळं दारात. पंधरा दिवसांनी जाणवलं, दूधवाल्याशी व्हायचं तेवढं बोलणंही आपण बंद करून टाकलं. पहिल्या मजल्यावरचे काका, बँकेतून रिटायर झालेले, आतूनच "ठेव" म्हणायचे, दार उघडायचे नाहीत. मग आमच्या सेक्रेटरींनी त्यांना फोन केला, "काका, २२ घरांच्या दुधाचा हिशोब जुळत नाहीये, बघाल का?" खरंच जुळत नव्हता. काकांनी जुन्या डायरीत रकाने आखले. रोज सकाळी घरोघरी फोन, "उद्या एक पिशवी की दोन?" मग तब्येत, मग नातवाची ऑनलाइन शाळा. जूनपर्यंत त्यांचा आवाज बदलला होता.
आईंना काही नेऊन देण्यापेक्षा त्यांच्याकडे काहीतरी मागून बघा. भजनाची वही असेल ना त्यांची?

कोपरीकर:
हे कराच, पण झोप न येणं अंगावर काढू नका. आमची आजी "भूक नाही" एवढंच म्हणायची. ते नैराश्य निघालं, उपचारांनी फरक पडला. टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा. मोफत आहे, २४ तास, मराठीतही बोलतात.

नेरूळकर:
शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतली, मी येतेय. आणि वही मागितली. म्हणाली, ती संघातल्या मैत्रिणीकडे आहे, मार्च २०२० मध्ये उतरवून घ्यायला नेली ती तिकडेच राहिली. मग स्वतःहून म्हणाली, तिचा नंबर शोधून दे. दिला. आज संध्याकाळी आईला फोन केला तर पाऊण तास एंगेज.