मशिदीनं दवाखाना काढला तर धंदा कसा होतो?

मोमिनपुरेकर: काल इथं एकानं लिहिलं, "मशीद नमाजसाठी असते, दवाखाने अन् क्लास काढून तिचा धंदा करू नका." तेव्हापासून डोकं तापलंय. हैदराबादेत मस्जिद-ए-इसहाकमध्ये दवाखाना चालतो, पेशंटचा धर्म कोणी विचारत नाही. इंडोनेशियात योग्याकार्ताच्या जोगोकारियन मशिदीत दानाचा पैसा साठवतच नाहीत, शिल्लक शून्यावर आणतात. आमच्याकडे? चांगली फरशी उखडून नवी बसवतात. खालच्या खोल्यांना कुलूप, अन् विणकरांची पोरं जिन्यात बसून बारावीचा अभ्यास करून राहिली. त्या खोल्यांत दवाखाना अन् क्लास काढायचे, थोडी फी घ्यायची, उरलं ते त्याच कामात घालायचं. यात धंदा कुठं आला?

इतवारीवाले काका: लिहिणारा मीच. पैसा कुठून आणणार ते सांगा. आपल्या हनफी पंथाच्या मतानं जकात, म्हणजे दरवर्षीचं सक्तीचं दान, गरजूच्या हातात, त्याच्या मालकीची होऊन पडली पाहिजे. डॉक्टरचा पगार, इमारत त्यात बसत नाही. राहिला लिल्लाहचा, म्हणजे खुशीनं दिलेल्या दानाचा पैसा, त्यात इमामसाहेबांचा पगार वेळेवर होत नाही. उद्घाटनाला सगळे येतात, दुसऱ्या वर्षी कुलूप.

मोमिनपुरेकर: मशिदीच्या गाळ्यांचं भाडं आहे ना काका.

जाफरनगर: भाड्याचं नावच काढू नका! आमच्या वस्तीतल्या मशिदीचे गाळे मुख्य रस्त्यावर, अन् भाडं आजोबांच्या काळातलं. भाडेकरू पोटभाडेकरू ठेवून दसपट कमावतो. मी जुम्म्याच्या, शुक्रवारच्या नमाजनंतर हिशेब मागितला, तर म्हणे जमातीत फूट पाडतो. १९९५च्या वक्फ कायद्यानं मुतवल्लीला, म्हणजे मशिदीची मालमत्ता सांभाळणाऱ्याला, दरवर्षी वक्फ बोर्डाकडे हिशेब द्यावाच लागतो. मग नमाजींपासून काय लपवता?

गाळेवाला: मी असाच भाडेकरू. अब्बांनी पागडी मोजली होती. पावसाळ्यात छत गळतं, पत्रे आम्ही टाकले, शटर आम्ही बसवलं. कमिटी एकदाही फिरकली नाही.

जाफरनगर: पागडीची पावती आहे का?

गाळेवाला: त्या काळी पावती कोण देत होतं? माझ्या बापाला चोर म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणा.

जाफरनगर: बापाला नाही म्हटलं. आजचं भाडं द्या म्हटलं.

गाळेवाला: आधी छत दुरुस्त करा, मग भाडं बोला.

महालकर: मधे बोलतो, माफ करा. शेगावच्या गजानन महाराज संस्थानानं १९८३ला इंजिनीअरिंग कॉलेज काढलं. आमच्या घरात त्याला कोणी धंदा म्हणत नाही. मशिदीलाच वेगळा न्याय काऊन?

इतवारीवाले काका: संस्थानाकडं भक्तांचा ओघ आहे भाऊ, आमच्याकडं हातगाडीवाले अन् बुनकर. दवाखान्याला माझा विरोध कायम. अभ्यासिका करा, तेवढं मान्य. पंखे अन् लाइटचाच खर्च. पण जमाखर्च दर महिन्याला वजूखान्याजवळच्या, नमाजआधी हातपाय धुतात तिथल्या फलकावर लागला पाहिजे.

जाफरनगर: गाळ्यांच्या भाड्यासकट.

हंसापुरीची: काका, त्या अभ्यासिकेत मुलींना वेळ कोणती देणार, तेही त्याच फलकावर लिहा. माझी बहीण बारावीलाच आहे.